पत्र्याखालच्या रांगा

आमच्या घरात झोपायला जागा कमी होती आणि पत्रकं जास्त. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत माझे वडील, दादा, पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग करायचे. तांब्याच्या तारेची वेटोळी, वार्निशचा वास, शेतकऱ्यांच्या पोट उघडं टाकून बसलेल्या मोटारी, आणि त्यांच्या मागं भिंतीला लावून रचलेले पत्रकांचे गठ्ठे. पत्रकं दादाच लिहायचे, राहुरीहून छापून आणायचे आणि सायकलवर बसून वाटायचे. उरलेली घरात यायची. आई ती भाकरीच्या टोपल्यात घालायची, फडताळात अंथरायची, बरण्यांखाली ठेवायची. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. थंडीत आई हुलग्याचे शेंगोळे करायची. ताट खाली ठेवायला घेतलेल्या कागदावर रस सांडायचा आणि मी बोटानं तो पुसून खालची ओळ वाचायची. मला लहानपणी गोष्टी कुणी सांगितल्या नाहीत, मागण्या सांगितल्या. घड्या घालायचं काम माझ्याकडं होतं. विहारात जयंतीची तयारी सुरू झाली की इतर पोरी नाच बसवायच्या आणि मी कडक घडी कशी पडते याचा विचार करायची. पत्रकातलं वाक्य कधी ‘कदाचित’नं सुरू होत नाही. माझंही होत नसे. आमच्या वस्तीतली पोरं मला लांबून बघितलं की म्हणायची, ‘‘आली बंधुभगिनींनो.’’

आई कांद्याच्या शेडवर निवडायला जायची. सोनईच्या अलीकडं, शिंगणापूरच्या रस्त्याला लागून ते शेड होतं. वर पत्रा, खाली कोबा, तीन बाजूंनी जाळी आणि पश्चिमेला पत्र्याची सलग भिंत. तिथं कांद्याचे ढीग ओतायचे आणि बायकांनी ओळीनं बसून मोठा गोळा वेगळा, बारीक गोलटी वेगळी, दोन फाकांचा जोड वेगळा, सडका वेगळा करायचा. आई घरी आली की आधी दारात उभी राहून पदर झटकायची. लालसर पापुद्रे उडायचे. केस विंचरताना फणीतनं पापुद्रे निघायचे. अंथरुणात निघायचे. भात उकळताना सुद्धा मला वाटायचं की घरात कांद्याचाच वास आहे, आणि तो असायचाच.

बी.ए. झाले तेव्हा मला वाटलं होतं की काही तरी सुरू होईल. काही सुरू झालं नाही. मी घरात बसून घड्या घालत होते. त्यातच आईनं एक दिवस सांगितलं की शेडवरच्या टाकीला झाकण नाही आणि पाण्यात पापुद्रे तरंगतात. मी दुसऱ्या दिवशी टेम्पोत बसून तिच्याबरोबर गेले आणि शेडच्या मालकांसमोर उभी राहिले. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. मी श्रम, प्रतिष्ठा, पाणी आणि माणुसकी या विषयांवर बोलले. अण्णा खुर्चीत मागं रेलून ऐकत होते.  माझं संपल्यावर म्हणाले, ‘‘शिकली किती?’’

‘‘बी.ए.’’

‘‘झाकन बसवतो. तू उद्यापासनं ये. आधीचा सुपरवायझर ह्या बायांनी पळवून लावला. तुला बोलता येतं. बोलून काम करून घे.’’

दादांना हे संध्याकाळी कळलं. हातातली तार तशीच धरून ते म्हणाले, ‘‘म्हणजे आता तू त्यांच्या बाजूला बसणार.’’ आई चुलीपाशी होती. ती वळलीसुद्धा नाही. ‘‘बसू द्या,’’ ती म्हणाली. ‘‘ह्या घरातलं एक तरी मानूस खुर्चीवर बसू द्या.’’ त्यानंतर त्या विषयावर घरात कुणी बोललं नाही. पण दादा माझ्यासमोर पत्रकं लिहीनासे झाले. मी आत आले की कागद उलटा करायचे. आपल्याच बापानं आपल्यापासून कागद लपवावा, हे मला फार लागायचं. नोकरी सोडली असती तर कागद पुन्हा सुलटा झाला असता, आणि आईचं ते एक वाक्य खोटं पडलं असतं. यातलं काहीही करता येत नव्हतं.

खुर्ची म्हणजे निळी प्लास्टिकची खुर्ची. ती वजनकाट्याशेजारी असायची, ना बायकांच्या रांगेत, ना ऑफिसात. सकाळी हजेरी घ्यायची तर आईचं नाव घ्यायला लागायचं. पहिल्या दिवशी मी ‘आई’ म्हणाले आणि सगळं शेड हसलं. दुसऱ्या दिवसापासून ‘हौसाबाई’ म्हणायला लागले. ती ‘हाय’ म्हणायची आणि खाली बघायची. टेम्पोतही मला आता ड्रायव्हरशेजारी बसवत. मागच्या फळक्यामागून बायकांचं हसणं ऐकू यायचं आणि मी पुढं काचेतून रस्ता बघत बसायची. जेवणाच्या सुट्टीत तर कुठं बसावं तेच कळायचं नाही. आईच्या रांगेत बसले तर बाकीच्या म्हणणार, सुपरवायझर आपल्या वस्तीकडं झुकली. दुसऱ्या रांगेत बसले तर आमच्या बायका म्हणणार, बघा, खुर्ची मिळाल्यावर कशी झाली. मी काट्याला टेकून उभ्यानं भाकरी खायचे.

रांगांचं मला पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं. खरं तर आईला आधी सोडायला-आणायला जायचे तेव्हाही दिसत होतं. पूर्वेच्या बाजूला लिंबाची सावली होती, तिथं गावातल्या बायका बसायच्या. मंदाकाकू, त्यांच्या जावा, त्यांच्या शेजारणी. मग मधल्या रांगा. आणि अगदी शेवटी, पश्चिमेच्या पत्र्याला पाठ लावून, आमच्या वस्तीतल्या बायका. दुपारनंतर तो पत्रा असा तापायचा की पाठ टेकवता यायची नाही. तिथं त्यांना कुणी बसवलं नव्हतं. विचारलं तर प्रत्येकजण म्हणायची, ‘‘आमी पयल्यापासनं हितंच बसतो.’’ कुणी ठरवलंच नव्हतं, म्हणून ते मोडायला हवं असंही कुणाला वाटत नव्हतं. मी मात्र याच गोष्टीवरची पत्रकं खात-पीत वाढले होते.

एका सोमवारी मी हजेरीनंतर चिठ्ठ्या टाकल्या. प्रत्येकीनं एक उचलायची, जो आकडा येईल तिथं बसायचं. चिठ्ठ्या टाकण्याआधी मी बोलले. चांगलं बोलले. या शेडमध्ये पुढची आणि मागची रांग असणार नाही, ऊन आणि सावली कुणाच्या जन्मावर ठरणार नाही, असं काही तरी. बायका ऐकत होत्या. ढिगावरनं एक कांदा घरंगळत आला तो कुणी तरी पायानं थांबवला. मग सगळ्यांनी मुकाट चिठ्ठ्या उचलल्या. माझी आई पहिल्या रांगेत गेली, मंदाकाकूंच्या शेजारी, लिंबाच्या सावलीत. मला त्या क्षणी जो आनंद झाला तो मी नाकारणार नाही. मला वाटलं, एवढंच होतं.

दुपारी मंदाकाकूंनी आपला डबा उचलून थोडा पलीकडं ठेवला.  आईनं भाकरीचा एक तुकडा खाल्ला आणि डबा बंद केला. एरवी एकेका रांगेतल्या बायका एका बारदानावर डबे उघडून एकमेकींचं कोरड्यास वाटून खायच्या. त्या दिवशी शेडभर बायका आपापल्या मांडीवर डबा ठेवून भिंतीकडं तोंड करून जेवल्या. दुपारनंतर शेडमध्ये फक्त पापुद्र्यांचा आवाज राहिला. गप्पा नाहीत, टोमणे नाहीत. आमच्या वस्तीतल्या सोनालीचं तान्हं पोर खांबाला बांधलेल्या झोळीत असायचं आणि तिच्या रांगेतलं जे कुणी जवळ असेल ते पायानं झोका द्यायचं. आता त्या खांबाजवळ तिचं कुणीच नव्हतं. पोर रडलं की ती शेडच्या या टोकाकडून त्या टोकाला पळायची. टेम्पोतून उतरताना पारूमावशी मला म्हणाली, ‘‘म्याडमनी सावली दिली आमाला. लई उपकार.’’

पारूमावशी आमच्या वस्तीतली सगळ्यात थोरली. माझ्या जन्माच्या वेळी आईजवळ तीच होती, त्यामुळं ती मला कधी नावानं हाक मारत नसे, ‘आगं ए’ म्हणायची. ‘म्याडम’ तिनं त्या दिवशी पहिल्यांदा वापरलं.

मी माघार घेतली नाही. सवय होईल, असं मला वाटत होतं. चांगल्या बदलाला आधी विरोध होतोच, हे वाक्य आमच्या घरातल्या निम्म्या पत्रकांत होतं. मग व्यापाऱ्याकडून गोण्या परत आल्या. मोठ्या गोळ्यामध्ये जोड आणि सडका निघाला होता. गोण्या कुठल्या ढिगातल्या ते शोधायला वेळ लागला नाही. चिठ्ठीच्या आकड्यांमुळं आता प्रत्येकीचा ढीग वेगळा दिसत होता, ही माझ्याच व्यवस्थेची सोय. ढीग पारूमावशीचा होता. तिच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आला होता आणि तिला जोड कांदा दिसत नव्हता. तो किती दिवस दिसत नव्हता देव जाणे. तिच्या एका बाजूला माझी आई आणि दुसऱ्या बाजूला सोनाली बसायची, आणि त्या दोघी स्वतःचं निवडता निवडता तिच्या ढिगातला खराब माल काढून घ्यायच्या. इतक्या सहज की मला खुर्चीवरून कधी दिसलं नव्हतं. मी ती रांग ऊन आणि सावली एवढ्यावरच मोजली होती.

शुक्रवारी अण्णांनी बोलावलं. रागावलेले नव्हते. ‘‘म्हातारीला सोमवारपासनं टेम्पोत घिऊ नको,’’ ते म्हणाले. ‘‘मी सांगितलं तर मालकानं हाकललं व्हईल. तू तुज्या पद्धतीनं सांग. तुमच्याच वस्तीतली हाय ना?’’

‘‘तिची नजर गेलीय, अण्णा. तिचा दोष नाही.’’

‘‘माजा हाय का? परत आलेला माल कोन घेतो?’’

त्या संध्याकाळी दादांनी कागद माझ्यासमोर सुलटा ठेवला. मी किती दिवस त्याची वाट बघितली होती. वर मथळा होता, खाली पारूमावशीचं पूर्ण नाव होतं. ‘‘राजीनामा दे,’’ ते म्हणाले, ‘‘सकाळी छापून आणतो. एका वृद्ध कष्टकरी स्त्रीला अशा रीतीनं...’’ आई भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला. ‘‘आन् मग?’’ ती म्हणाली. ‘‘तुमचा कागद गावोगाव जानार. पारूआक्का आंधळी झाली हे आख्ख्या शिवाराला कळनार. मग तिला खुरपायला तरी कोन नेनार हाय?’’ दादा म्हणाले, ‘‘मग अन्याय सहन करायचा?’’ आई म्हणाली, ‘‘मला तुमच्यासारकं बोलता येत न्हाई,’’ आणि भाकरी तव्यावर टाकली. ती म्हणाली ते बरोबर होतं, दादा म्हणाले तेही बरोबर होतं, आणि त्या दोन बरोबरांच्या मधल्या जागेत मला पाय ठेवायला जागा नव्हती.

मला आता वेगवेगळ्या ठिकाणी प्रशिक्षण द्यायला बोलावतात. पॅकहाऊस, दूध केंद्रं, नर्सऱ्या, जिथं बायकांच्या टोळ्या काम करतात आणि त्यांच्यातलीच एखादी नव्यानं मुकादम किंवा सुपरवायझर झालेली असते. फळ्यावर ‘नेतृत्व कौशल्य’ असं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलेलं असतं. समोर बसलेल्या पोरींच्या चेहऱ्यावर मला तीच दमछाक दिसते, कुठंच बसता न येणाऱ्या माणसाची. मी फळा पुसते आणि आधी विचारते, तुम्ही जेवायला कुठं बसता? त्यावर ज्या गप्प होतात त्यांच्याशी मी नंतर जास्त वेळ बोलते.

त्या शनिवारी दुपारी मी पारूमावशीला टाकीजवळ गाठलं आणि सांगितलं. ती तोंड धुत होती. सगळं ऐकून पदरानं चेहरा पुसत म्हणाली, ‘‘मला कोपऱ्यात कशापायी सांगतीस? मी काय चोरी केली? सगळ्यांफुडं सांग.’’

शनिवारी संध्याकाळी शिंगणापूरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. आमचा टेम्पो दोन बसच्या मधे अडकला. पुढं जाता येईना, मागं घेता येईना. मी पुढची सीट सोडून मागं आले. फळका धरून चढताना कुणी हात दिला नाही. आत सगळ्या रांगांच्या बायका गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या, उकाडा होता, सोनालीचं पोर कुरकुरत होतं. मी म्हणाले, ‘‘अण्णांनी पारूमावशीला सोमवारपासून आणू नको म्हणून सांगितलंय. मला काय करावं कळत नाही.’’

माझ्या तोंडून ‘कळत नाही’ हे शब्द बाहेर पडलेले मी स्वतः पहिल्यांदाच ऐकले.  बाहेर एक हॉर्न वाजत राहिला. मग मंदाकाकू म्हणाल्या, ‘‘तिची नजर गेलीय हे आमाला म्हाईत न्हाई का? लई दिस झाले.’’

‘‘मग तुमच्या बायांशेजारी बसत हुते तवा जोड काढायचा व्हता की माजा,’’ पारूमावशी म्हणाली.

‘‘सांगितलं असतं तर काढला असता.’’

‘‘हौसाचा डबा शेजारी आला तर तुमी तुमचा सरकवला. माज्या ढिगाला हात लावनार हुता व्हय?’’

मंदाकाकूंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, ‘‘तिच्या ठेच्याच्या वासानं सरकवला. डोळ्यातनं पानी येतं माज्या.’’

‘‘कांदा निवडून येत न्हाई, अन् ठेच्यानं येतं?’’ सोनाली म्हणाली. एकजण फिस्सकन हसली, मग सगळ्याच हसल्या, मंदाकाकू सोडून. त्या हसण्यानं काही मिटलं नाही. डबा कशानं सरकला ते त्यांना ठाऊक होतं, आम्हालाही. पण टेम्पोत पुन्हा आवाज सुरू झाला आणि तो वाढतच गेला. मधल्या रांगेतल्या बायका म्हणाल्या, आमच्याही जोड्या तुटल्या. सोनाली म्हणाली, झोळीपाशी आपलं माणूस पाहिजे. मी मधेच म्हणाले, ‘‘म्हणजे पुन्हा पत्र्याला जाऊन बसणार? पुन्हा तुम्हीच?’’ त्यावर आई, जी शेडच्या आत किंवा टेम्पोत माझ्याशी कधीच बोलत नसे, चिडून म्हणाली, ‘‘पत्र्याला कोन बसतो म्हनलं? एकमेकीशेजारी बसतो म्हनलं. तुला दोन्ही येकच वाटतं का?’’

मला ते एकच वाटलं होतं.

टेम्पो हलला तेव्हा ठरलं होतं ते एवढंच की रांगा मोडायच्या नाहीत, रांगा हलवायच्या. आठवड्याला एक रांग पत्र्याच्या भिंतीला, पाळीपाळीनं. मंदाकाकूंना ते मान्य नव्हतं. पण मधल्या रांगांना होतं, आणि मंदाकाकू एकट्या पडल्या. आजही मला कुणी म्हटलं की चिठ्ठ्या टाकण्यात तुझी चूक झाली, तर मी अर्धंच मानते. ती शेवटची रांग तिथून उठायलाच हवी होती. ते तत्त्व मी तेव्हाही सोडलं नाही. फक्त रांगेतल्या बायकांना विचारायला मला टेम्पो अडकावा लागला.

सोमवारी मी पारूमावशीला टेम्पोत घेतलं आणि अण्णांकडे गेले. म्हणाले, तिला घरी बसवलं नाही, बसवणार नाही. इथून पुढं एकेकीचा ढीग बघायचा नाही, रांगेचा माल बघायचा. रांग आपलं बघून घेईल. अण्णांनी बराच वेळ फोनवर बोट फिरवलं. ‘‘येक गोनी परत आली,’’ शेवटी ते म्हणाले, ‘‘तर म्हातारी आन् तू, दोघी घरी.’’ ते मला मान्य करावं लागलं. त्या दिवसापासून गोण्या भरलेली गाडी गेली की ती दुसऱ्या दिवशी परत येते का ते मी रस्त्याकडं बघत बसायची.  लोक म्हणतात अधिकार मिळाला की मोकळं वाटतं. मला दोरी आखूड झाल्यासारखं वाटलं.

पहिली पाळी मंदाकाकूंच्या रांगेची आली. दुपारी पत्रा तापला. दुसऱ्या दिवशीही तापला. बुधवारी मंदाकाकू घाम पुसत उठल्या आणि सरळ ऑफिसात गेल्या. अण्णा त्यांच्या नात्यातले होते. शुक्रवारी सकाळी ट्रॅक्टर-ट्रॉली भरून उसाचं पाचट आलं. गड्यांनी ते छताच्या पत्र्यावर जाड अंथरलं, वरून जाळी बांधली, भिंतीच्या वरचे दोन पत्रे काढून वाऱ्याला वाट केली. आमच्या बायका त्या भिंतीला वर्षानुवर्षं बसल्या होत्या. मंदाकाकूंना पाचट आठवड्याच्या आत मिळालं. मी खुर्चीवर बसून ते बघत होते आणि माझ्या डोक्यात आपोआप एक पत्रक तयार होत होतं, मथळ्यासकट. संध्याकाळी दादांना सांगितलं तेव्हा त्यांनी वायंडिंगची तार खाली ठेवली आणि म्हणाले, ‘‘लिही. मी नाही, तू लिही.’’ मी नंतर लिहिलं. पारूमावशीचं नाव न घालता.

पाचट पडलं आणि कोपरा थंडगार झाला. शेडमागच्या कालव्याकडून वारा यायला लागला. इतका की सोमवारी पाळी बदलायची वेळ आली तेव्हा मंदाकाकू जागेवरून हलेनात. आता पाळी आमच्या वस्तीच्या रांगेची होती. बायका हातात बसायचं बारदान घेऊन उभ्या, पारूमावशी सगळ्यात पुढं.

‘‘बसू दे की बाई हितंच,’’ मंदाकाकू मला म्हणाल्या. ‘‘आमच्यामुळंच झालं ना हे? त्यांना तिकडं लिंबाखाली बसव. कोन न्हाई म्हनतंय?’’

सगळं शेड माझ्याकडं बघत होतं. अण्णा ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले होते. माझ्याकडं बोलायला बरंच होतं. लहानपणापासून जमवलेलं सगळं होतं.

मी खुर्चीवरून उठले, त्यांच्यासमोर गेले आणि म्हणाले, ‘‘काकू, उठा.’’

आणि तिथंच उभी राहिले. पुढं काही बोलले नाही. मंदाकाकूंनी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी पंचा खांद्यावर घेतला, माझ्याकडं एकदा बघितलं, आणि आत गेले. मंदाकाकू गुडघ्यावर हात देऊन उठल्या, बारदान जोरात झटकलं, माझ्या अंगावर पापुद्रे उडाले.

पारूमावशी हातानं भिंत चाचपत बसली. एका बाजूला आई बसली, दुसऱ्या बाजूला सोनाली. ढीग ओतला. आईनं तिच्या ढिगातून एक जोड कांदा उचलला आणि आपल्या पाटीत टाकला. मग तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. या वेळी तिनं खाली बघितलं नाही.